कम्युनिटी कॉलेजमधून सोशल वर्कच्या डिग्रीत जायचं तर क्रेडिट कुठे अडकतात

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या समितीत 'प्रोफेशनल डिग्री' कशाला म्हणायचं याची व्याख्या ठरली. तिच्यात डॉक्टर आले, वकील आले, दातांचे आणि जनावरांचे डॉक्टर आले, फार्मसी आली, पण नर्सिंग आणि सोशल वर्क आलं नाही, आणि तेव्हापासून इथल्या मराठी व्हॉट्सॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरतोय की मग आता मुलीने सोशल वर्क करावं की नाही. मी न्यू जर्सीत राहते आणि आमच्या ओळखीतल्या बऱ्याच मुलामुलींचे, आणि उशिरा शिकायला निघालेल्या कितीतरी तायांचे ट्रान्सफरचे, म्हणजे एका कॉलेजातून दुसऱ्यात जायचे, कागद बघून देते, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय.

त्या यादीचा मुद्दा कर्जाचा आहे. जुलै २०२५ च्या कायद्याने ग्रॅड प्लस नावाचं मास्टर्सवाल्यांचं कर्ज १ जुलै २०२६ पासून नवीन कर्जदारांना बंद केलं. आता साध्या मास्टर्सला सरकारकडून वर्षाला जास्तीत जास्त २०,५०० डॉलर आणि एकूण १ लाख डॉलर, आणि 'प्रोफेशनल' डिग्रीला वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख. सोशल वर्क पहिल्या रांगेत पडलं. म्हणजे मास्टर्सला लागेल तेवढं कर्ज काढू असं आता म्हणता येत नाही, आणि म्हणूनच सुरुवातीची दोन वर्षं स्वस्तात काढायची, म्हणजे कम्युनिटी कॉलेजमधून, ही वाट बऱ्याच घरांत पुन्हा बोलली जातेय. वाट चांगली आहे, मी स्वतः लोकांना तीच सांगते. फक्त तिच्यात एक जागा अशी आहे की तिथे पुष्कळ जणांचं अख्खं वर्ष वाया जातं आणि ते आधी कुणी सांगत नाही.

## आधी साधं गणित

अमेरिकेत बॅचलर्स म्हणजे साधारण १२० क्रेडिट. एक नेहमीचा कोर्स ३ क्रेडिटचा. कम्युनिटी कॉलेज हे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, तिथे साधारण ६० क्रेडिट करून असोसिएट डिग्री मिळते, मग चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जायचं आणि उरलेले ६० करायचे. यालाच टू प्लस टू म्हणतात. सोशल वर्कची बॅचलर्स म्हणजे बीएसडब्ल्यू, काही ठिकाणी तिला बीएएसडब्ल्यू म्हणतात, काम तेच.

कागदावर हे इतकं सरळ दिसतं की आईवडील म्हणतात, दोन वर्षं घरी राहून स्वस्तात शिकेल, मग जाईल रटगर्सला, म्हणजे न्यू जर्सीच्या सरकारी युनिव्हर्सिटीत. होतंही तसं. पण अमेरिकन संसदेच्या हिशोब तपासणाऱ्या संस्थेने, जीएओने, २०१७ साली एक अहवाल दिला होता, त्यात २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट बुडाले असा अंदाज होता. सरकारी कॉलेजातून सरकारी कॉलेजात गेलेल्यांचेसुद्धा ३७ टक्के. आकडा जुना आहे, तेव्हापासून बऱ्याच राज्यांनी नियम सुधारलेत, तरी ज्या कारणाने क्रेडिट बुडतात ते कारण अजून तिथेच आहे.

## क्रेडिट 'गेले' आणि क्रेडिट 'लागले' यात फरक आहे

हे एवढं समजलं तरी पुष्कळ झालं.

युनिव्हर्सिटी तुमचे ६० क्रेडिट 'स्वीकारते' तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की ते तुमच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, चढले. त्यातले किती तुमच्या डिग्रीच्या अटी पूर्ण करायला कामाला आले हा वेगळा प्रश्न आहे. बाकीचे 'फ्री इलेक्टिव्ह' म्हणून जमा होतात, म्हणजे कुठल्याच ठराविक अटीत न बसणारे कोर्स. लग्नात आहेरात भांडी येतात तसंच आहे हे. अकरा ताटं, सात तांबे, चार डिनरसेट, सगळं घरात आलं, सगळं मोजून वहीत लिहिलं, पण संसाराला लागणारा कुकर आणि तवा शेवटी विकतच आणावा लागतो.

समजा एका मुलीने कम्युनिटी कॉलेजात ह्युमन सर्व्हिसेस मध्ये एएएस, म्हणजे असोसिएट इन अप्लाइड सायन्स, केलं. नाव ऐकून वाटतं हेच सोशल वर्कच्या सगळ्यात जवळचं, त्यामुळे खूप जण हेच घेतात. ६३ क्रेडिट झाले, जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, ४ पैकी ३.४, हुशार मुलगी. आता युनिव्हर्सिटीने दिलेला तिचा डिग्री ऑडिट, म्हणजे कुठला कोर्स कुठल्या खान्यात बसला तो तक्ता, आपण ओळीओळीने बघू. इंग्लिश कॉम्पोझिशनचे दोन कोर्स बसले. इंट्रो सायकॉलॉजी, इंट्रो सोशियोलॉजी, डेव्हलपमेंटल सायकॉलॉजी बसले. स्पीच, एक इतिहास, एक ह्युमॅनिटीज बसला. इंट्रो टू सोशल वर्क सिलॅबस दाखवल्यावर बसला. हे झाले २७. पुढे इंटरव्ह्यूइंग स्किल्स, काउन्सेलिंग, ग्रुप वर्क, केस मॅनेजमेंट, अ‍ॅडिक्शनवरचा कोर्स, दोन सेमिस्टरची इंटर्नशिप, आणि 'लिबरल आर्ट्सवाल्यांसाठी गणित', असे ३६ क्रेडिट सगळे इलेक्टिव्हच्या खान्यात. पण १२० क्रेडिटच्या डिग्रीत इलेक्टिव्हला जागाच किती, समजा १८. म्हणजे ३६ पैकी १८ बसले आणि १८ वर तरंगत राहिले. कामाचे झाले ४५, उरले ७५, आणि सेमिस्टरला १५ धरले तरी चारच्या जागी पाच सेमिस्टर. त्यात परत स्टॅटिस्टिक्स आणि ह्युमन बायोलॉजी राहिलंय आणि ते केल्याशिवाय बऱ्याच ठिकाणी बीएसडब्ल्यूचा अर्जच घेत नाहीत.

मुलीने ह्यात काय चूक केली? काहीच नाही. तिला कुणी सांगितलं नाही की एएएस ही डिग्री मुळात थेट नोकरीला लागण्यासाठी बनवलेली असते, आणि पुढे शिकायचं असेल तर एए (असोसिएट इन आर्ट्स) किंवा एएस (असोसिएट इन सायन्स) घ्यायची असते. एका 'ए'चा फरक आहे आणि त्याची किंमत एक सेमिस्टर, कधी कधी दोन.

## पण सोशल वर्कचे कोर्स सोशल वर्कमध्येच का चालत नाहीत?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि प्रश्न रास्तच आहे. इंटरव्ह्यूइंग शिकलोय, काउन्सेलिंग शिकलोय, शेल्टरमध्ये इंटर्नशिप केलीय, मग परत का?

कारण सोशल वर्कच्या डिग्रीवर एका संस्थेची नजर असते, काउन्सिल ऑन सोशल वर्क एज्युकेशन, म्हणजे सीएसडब्ल्यूई. १९५२ ला स्थापन झाली. अमेरिकेतल्या बीएसडब्ल्यू आणि एमएसडब्ल्यू, म्हणजे सोशल वर्कच्या मास्टर्स, प्रोग्रामना मान्यता, अ‍ॅक्रेडिटेशन, तीच देते. तिच्या २०२२ च्या मानकांप्रमाणे विद्यार्थ्याला नऊ क्षमता आल्या पाहिजेत आणि त्या तपासायची जबाबदारी मान्यताप्राप्त प्रोग्रामची आहे. बॅचलर्सला किमान ४०० तास आणि मास्टर्सला किमान ९०० तास प्रत्यक्ष फिल्डवर काम पाहिजे, तेही प्रोग्रामने ठरवलेल्या देखरेखीखाली. दोन वर्षांच्या डिग्रीला सीएसडब्ल्यूईची अशी मान्यता नसते, त्यामुळे तिथली इंटर्नशिप कितीही चांगली असली तरी त्या ४०० तासांत धरत नाहीत आणि पद्धती शिकवणारे वरचे कोर्स, ज्याला प्रॅक्टिस कोर्स म्हणतात, ते युनिव्हर्सिटीतच करावे लागतात.

आणि एक नियम तर लोकांच्या मनाला फार लागतो. नोकरीचा किंवा आयुष्याचा अनुभव म्हणून सोशल वर्कचे क्रेडिट देता येत नाहीत, मानकांतच मनाई आहे. दहा वर्षं सीनियर सेंटरमध्ये काम केलेल्या बाईलाही सूट नाही. मला हा नियम पूर्ण पटत नाही असं नाही, कारण मुलांना घरातून काढायचा निर्णय ज्यांच्या अहवालावर होतो त्यांचं शिक्षण एकसारखं तपासलेलं असावं हे बरोबरच आहे, पण दहा वर्षांच्या अनुभवाला शून्य म्हणणं मला जड जातं हेही सांगते.

म्हणून सोशल वर्कचं स्वप्न असेल तर कम्युनिटी कॉलेजात सोशल वर्कचे कोर्स गोळा करत बसू नका, हे ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे. तिथे जनरल एज्युकेशन उरका, म्हणजे इंग्लिश, सायकॉलॉजी, सोशियोलॉजी, स्टॅटिस्टिक्स, ह्युमन बायोलॉजी, सरकार कसं चालतं यावरचा एखादा कोर्स, जमलं तर स्पॅनिश. आणि सोशल वर्कचा एक इंट्रो, तोही पुढचं कॉलेज घेतं का ते विचारून.

## युनिव्हर्सिटीत अ‍ॅडमिशन मिळाली, आता तर झालं ना?

नाही झालं. इथे दोन दारं आहेत. एक युनिव्हर्सिटीचं, दुसरं बीएसडब्ल्यू प्रोग्रामचं, आणि पहिल्यातून आत आलेला प्रत्येक जण दुसऱ्यातून आत जातो असं नाही. प्रोग्रामचा बहुतेक ठिकाणी वेगळा अर्ज असतो, वेगळी तारीख, स्वतःबद्दलचा निबंध, शिफारसपत्रं, आणि जीपीएची अट, जी पुष्कळ ठिकाणी २.५ च्या आसपास असते पण काही ठिकाणी जास्त. काही कोर्समध्ये 'सी' च्या खाली चालत नाही.

त्याच्यापुढे अजून एक. बीएसडब्ल्यूचे कोर्स साखळीत असतात, माणसाचं वर्तन आणि समाज यावरचा कोर्स, पॉलिसी, रिसर्च, प्रॅक्टिस एक, प्रॅक्टिस दोन, आणि शेवटच्या वर्षी फिल्ड. पहिला झाल्याशिवाय दुसरा नाही आणि बऱ्याच कॉलेजात पहिला कोर्स फक्त फॉलला, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरलाच चालू होतो. म्हणून एखादी मुलगी जानेवारीत ट्रान्सफर होऊन आली, तिच्याकडे ६० च्या ६० क्रेडिट लागू झालेले असले तरी, ती पुढच्या फॉलपर्यंत काहीबाही कोर्स घेत बसून राहते. फी मात्र भरते. त्यामुळे डिसेंबरात असोसिएट संपत असेल तर उडी मारायच्या आधी विचारा की स्प्रिंगला, म्हणजे जानेवारीच्या सेमिस्टरला, येऊन साखळी सुरू करता येते का. येत नसेल तर ते एक सेमिस्टर कम्युनिटी कॉलेजातच उरलेलं जनरल एज्युकेशन करत काढलेलं बरं, अर्थात पुढचं कॉलेज जास्तीत जास्त किती क्रेडिट घेतं ते बघून, कारण दोन वर्षांच्या कॉलेजमधून आलेल्या क्रेडिटना वरची मर्यादा असते, बहुधा साठ ते सत्तरच्या मध्ये.

## राज्य कुठलं यावर पुष्कळ अवलंबून आहे

न्यू जर्सीत २००८ पासून राज्यभराचा ट्रान्सफर करार आहे. इथल्या कम्युनिटी कॉलेजची एए किंवा एएस घेऊन राज्यातल्या सरकारी चार वर्षांच्या कॉलेजात गेलात तर ती डिग्री पहिल्या दोन वर्षांच्या जागी पूर्ण धरायची असा हा करार. एएएस त्यात नाही, म्हणून वर एवढं पाल्हाळ लावलं. पण लक्षात घ्या, हा करार बीएसडब्ल्यू प्रोग्रामच्या दुसऱ्या दाराची हमी देत नाही, आणि खाजगी कॉलेजांना तो लागू नाही, त्यांचे आपापले करार असतात. कुठला कोर्स कुठे कसा बसतो ते एनजे ट्रान्सफर नावाच्या सरकारी साइटवर फुकट बघता येतं, लॉगिन पण लागत नाही.

कॅलिफोर्नियात २०१० च्या कायद्याने असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर आली, आणि तिच्यात सोशल वर्क अँड ह्युमन सर्व्हिसेस असा विषयच आहे. ती केली की कॅल स्टेटच्या, म्हणजे तिथल्या सरकारी युनिव्हर्सिटीच्या, कुठल्यातरी कॅम्पसला जागा नक्की आणि जुळणारा प्रोग्राम मिळाला तर पुढे ६० युनिटमध्ये (तिकडे क्रेडिटला युनिट म्हणतात) डिग्री. 'कुठल्यातरी' शब्द महत्त्वाचा, फ्रीमाँटला राहून सॅन होजेच पाहिजे असा हट्ट असेल तर तिथली स्पर्धा वेगळी. तिकडे कोर्स जुळवून बघायची साइट म्हणजे असिस्ट.

टेक्सासात ४२ क्रेडिटचा कोअर, म्हणजे सगळ्यांना सक्तीचं जनरल एज्युकेशन, एकगठ्ठा ट्रान्सफर होतो आणि कोर्सचे नंबरही राज्यभर सारखे. फ्लोरिडात एए केलेल्याला राज्याच्या युनिव्हर्सिटी सिस्टिममध्ये जागा आहे, पण मर्यादित जागांच्या प्रोग्रामला नाही. राज्य ओलांडलंत तर यातलं काहीच कामाला येत नाही, मग प्रत्येक कोर्स सुटा तपासला जातो. नोकरी बदलून न्यू जर्सीहून नॉर्थ कॅरोलिनाला जाणारी कितीतरी मराठी घरं आहेत, मुलगी दुसऱ्या वर्षाला असेल तर तेवढी असोसिएट पूर्ण करून मग हलवता आलं तर बघा, पूर्ण झालेल्या डिग्रीला सुट्या कोर्सपेक्षा जास्त मान मिळतो.

सिलॅबस जपून ठेवा हे यासाठीच. प्रत्येक कोर्सचं सिलॅबस पीडीएफ त्याच सेमिस्टरला उतरवून एका फोल्डरमध्ये टाका, कारण युनिव्हर्सिटीने कोर्स नाकारला तर अपील करताना तेच मागतात आणि दोन वर्षांनी ते कॉलेजच्या साइटवर सापडत नाही, प्रोफेसरही निघून गेलेले असतात.

## ४०० तास फिल्ड म्हणजे नक्की काय करतात

शेवटच्या वर्षी आठवड्याचे दोन दिवस, दिवसाला आठेक तास, दोन सेमिस्टर, असं धरलं की ४०० च्या वर तास होतात. कुणाला शाळा मिळते, कुणाला हॉस्पिटल, कुणाला शेल्टर, कुणाला काउंटीचं बालसंरक्षण खातं, कुणाला वृद्धांचं डे केअर. बरोबर एक फिल्ड इन्स्ट्रक्टर असतो, सोशल वर्कची डिग्री आणि त्यानंतर दोन वर्षांचा अनुभव असलेला.

सुरुवातीला नुसतं बसून बघायचं. मग इंटेक, म्हणजे नव्या माणसाची पहिली माहिती घ्यायची. मग फोन, फॉर्म, मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा), घरभाडं, कोर्टाची तारीख. आणि रात्री घरी येऊन प्रोसेस रेकॉर्डिंग लिहायचं. हे मला या शिक्षणातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. कागदाला उभे रकाने पाडायचे, पहिल्यात तो माणूस काय बोलला आणि मी काय बोलले ते आठवेल तसं शब्दशः, दुसऱ्यात त्या क्षणी माझ्या मनात काय चाललं होतं, आणि तिसरा रकाना इन्स्ट्रक्टरचा. समजा डे केअरमधल्या एका आजींनी सांगितलं की सून फोन लावू देत नाही. पहिल्या रकान्यात मुलीचं वाक्य आहे, "अहो आजी, ती बिझी असेल." दुसऱ्यात तिने प्रामाणिकपणे लिहिलंय की मला अवघडल्यासारखं झालं, मला विषय बदलायचा होता. तिसऱ्यात इन्स्ट्रक्टरने फक्त एवढंच विचारलंय की या वाक्याने नक्की कुणाला बरं वाटलं, आजींना की तुला? एवढ्या एका प्रश्नाने माणूस ऐकायला शिकतो. पुस्तकातून हे येत नाही आणि म्हणूनच त्या तासांना पर्याय नाही.

अडचण अशी की हे तास बहुधा बिनपगारी असतात आणि दिवसा असतात. घर चालवणाऱ्या बाईला, दुकानात शिफ्ट करणाऱ्या मुलाला इथेच नाकी नऊ येतात. काही प्रोग्राम तुमच्या नोकरीच्याच जागी फिल्ड करू देतात, त्याच्या अटी असतात, आधी विचारा. सरकारी बालकल्याण खात्यात पुढे काम करायची तयारी असेल तर टायटल फोर-ई नावाच्या केंद्राच्या निधीतून काही राज्यांत बीएसडब्ल्यू आणि एमएसडब्ल्यूच्या मुलांना स्टायपेंड मिळतो, बदल्यात काही काळ तिथे नोकरी करायची. ऑनलाइन प्रोग्राम घेतला तरी फिल्ड प्रत्यक्षच करायचं असतं, हेही बऱ्याच जणांना उशिरा कळतं.

## एवढी कटकट करण्यापेक्षा सायकॉलॉजी किंवा सोशियोलॉजी करून नंतर एमएसडब्ल्यू केलं तर?

चालतं. एमएसडब्ल्यूला कुठल्याही विषयाची बॅचलर्स चालते. पण मग एमएसडब्ल्यू पूर्ण दोन वर्षांचं, साधारण ६० क्रेडिट. मान्यताप्राप्त बीएसडब्ल्यू असेल तर बऱ्याच ठिकाणी 'अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंग' मिळतं, म्हणजे पहिलं वर्ष माफ, साधारण एका वर्षात मास्टर्स. हिशोब करा, दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, दोन वर्षं बीएसडब्ल्यू, एक वर्ष एमएसडब्ल्यू, म्हणजे पाच. दुसऱ्या वाटेने चार आणि दोन, सहा. आणि वाचलेलं वर्ष हे मास्टर्सचं, म्हणजे सगळ्यात महागडं, आणि नेमकी तिथेच आता कर्जाला मर्यादा आलीय. म्हणून मला वाटतं की २०२६ नंतर बीएसडब्ल्यूची किंमत वाढलीय, कमी झाली नाही.

दोन अटी मात्र बघून ठेवा. अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंगला जीपीए बऱ्याच ठिकाणी ३.० किंवा जास्त लागतो, आणि बीएसडब्ल्यू फार जुनी चालत नाही, पाच-सात वर्षांच्या आतली लागते. आणि ज्या बीएसडब्ल्यूला सीएसडब्ल्यूईची मान्यता नाही ती या कामाला शून्य. मान्यता आहे का ते त्यांच्याच साइटवरच्या यादीत बघायचं, कॉलेजच्या जाहिरातीत नाही.

लायसन्स राज्य देतं आणि इथेही राज्याराज्यात फरक आहे. न्यू जर्सीत बीएसडब्ल्यूवर सर्टिफाइड सोशल वर्कर होता येतं, एमएसडब्ल्यूवर लायसन्स्ड सोशल वर्कर आणि पुढे देखरेखीखाली अनुभव घेऊन लायसन्स्ड क्लिनिकल. कॅलिफोर्नियात बॅचलर्सच्या पातळीला लायसन्सच नाही, मास्टर्सपासून सुरू, आणि क्लिनिकलला ३,००० तास. स्वतःची थेरपीची प्रॅक्टिस करायची असेल तर क्लिनिकलपर्यंत जावंच लागतं.

## माझ्याकडे भारतातली डिग्री आहे, मीही कम्युनिटी कॉलेजपासून सुरू करू?

तायांनो, कृपा करून घाई करू नका. भारतात बीए, बीकॉम झालेलं असेल तर तुम्हाला दुसरी बॅचलर्स करायची बहुतेक गरज नाही. डिग्रीचं मूल्यमापन करून घ्या आणि थेट एमएसडब्ल्यूला विचारा. तीन वर्षांची डिग्री काही युनिव्हर्सिटी घेतात, काही घेत नाहीत, म्हणून एकीने नाही म्हटलं की संपलं असं धरू नका. कम्युनिटी कॉलेजचा तुम्हाला उपयोग एवढाच की स्टॅटिस्टिक्स, ह्युमन बायोलॉजी असे एक-दोन राहिलेले कोर्स तिथे स्वस्तात होतात आणि इथला एक ताजा ग्रेड हातात येतो. आणि बॅचलर्स झालेल्याला, ती भारतातली असली तरी, पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची सरकारी मदत, मिळत नाही, म्हणजे दुसऱ्या बॅचलर्सचा खर्च खिशातून नाहीतर कर्जातून.

भारतातली बीएसडब्ल्यू किंवा एमएसडब्ल्यू असेल तर गोष्ट अजून वेगळी. परदेशातली सोशल वर्कची डिग्री अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त डिग्रीच्या तोडीची आहे का हे तपासायची सेवा सीएसडब्ल्यूईच चालवते. मुंबईची टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था, अशा ठिकाणी शिकलेल्यांनी हे आधी करावं. तसं बघितलं तर नातं जुनंच आहे, १९३६ ला मुंबईत टिस सुरू झाली तेव्हा तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकनच होते. फिल्डवर्कच्या तासांचं पत्र आणि सिलॅबस भारतातून मागवायला महिनोन् महिने लागतात, म्हणून ते काम आजच कुणावर तरी सोपवा.

## एच-फोरवर असताना?

एच-फोर, म्हणजे एच-वनबी नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या नवराबायकोचा आणि मुलांचा व्हिसा, त्यावर शिकता येतं. बऱ्याच राज्यांत इन-स्टेट, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांची कमी, फी पण मिळते, पण फेडरल मदत, म्हणजे पेल आणि सरकारी कर्ज, नाही. वर्क परमिट नसताना फिल्ड कसं करायचं हा नाजूक प्रश्न आहे, बिनपगारी असलं तरी 'काम' कशाला म्हणायचं यात इमिग्रेशनचे नियम अडकतात, त्यामुळे प्रोग्रामला अर्ज करायच्या आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला आणि शक्य असेल तर वकिलाला विचारा, मैत्रिणीच्या मैत्रिणीला नको. मुलांच्या बाबतीत एकविसावं वर्ष लक्षात ठेवा, त्या दिवशी एच-फोर संपतो, आणि टू प्लस टू करणारी मुलं नेमकी तेव्हाच ट्रान्सफरच्या मधोमध असतात. एफ-वनला, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, बदलायचं तर ते वर्षभर आधी डोक्यात पाहिजे.

## पगार कमी असतो ना पण?

इंजिनियरच्या घरात हा प्रश्न येणारच. अमेरिकेच्या श्रम खात्याच्या आकडेवारीप्रमाणे मे २०२३ मध्ये सोशल वर्करचा मधला पगार वर्षाला ५८,३८० डॉलर होता. सॉफ्टवेअरच्या पगाराशी तुलना करून काही उपयोग नाही. सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ काम केलं तर १२० हप्त्यांनंतर उरलेलं सरकारी कर्ज माफ होण्याची योजना २००७ पासून आहे, सोशल वर्कर बहुतेक अशाच ठिकाणी असतात, पण हप्ते योग्य प्रकारच्या परतफेड योजनेत भरलेले असावे लागतात.

आणि मला मनापासून वाटतं ते सांगते. आपल्या लोकांत गरज आहे. मुलांकडे कायमचे राहायला आलेले आईवडील आहेत, ज्यांना गाडी येत नाही आणि दिवसभर घरात कुणी नसतं. नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या बायका आहेत ज्यांना मार खाऊनही कुणाला सांगायचं कळत नाही. दक्षिण आशियाई बायकांसाठी इथे न्यू जर्सीत मानवी ही संस्था १९८५ पासून काम करते, त्या काळात आपल्या समाजात असं काही घडतं हेच लोक मान्य करत नव्हते. हॉस्पिटलमध्ये दुभाषी फोनवर मिळतो, पण सुनेसमोर आजी काय बोलणार नाहीत हे ओळखणारी, मराठी घर आतून माहीत असलेली सोशल वर्कर मिळत नाही. अशी एक जरी मुलगी काउंटीच्या ऑफिसात बसली तरी त्या काउंटीतल्या आपल्या कितीतरी घरांना फरक पडतो.

## मग सुरुवात कुठून

शेवटाकडून. इथे आधी कळस बघायचा आणि मग पाया घालायचा. ज्या दोन-तीन बीएसडब्ल्यू प्रोग्रामला जायचंय ते कम्युनिटी कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरलाच ठरवा, नंतर बदललं तरी चालेल, आणि कम्युनिटी कॉलेजच्या अ‍ॅडव्हायजरवर सगळं न सोडता थेट बीएसडब्ल्यू प्रोग्रामच्या डायरेक्टरला किंवा अ‍ॅडमिशन कोऑर्डिनेटरला मेल टाका. ते उत्तर देतात, बहुतेक जण आनंदाने देतात. मेलमध्ये विचारायचं ते असं: आमच्या कॉलेजबरोबर तुमचा आर्टिक्युलेशन अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे कोर्सला कोर्स जुळवणारा लेखी करार, आहे का आणि तो कुठल्या वर्षाचा. अर्जाआधी कुठले कोर्स आणि किती ग्रेड लागतात, स्टॅटिस्टिक्स कुठल्याही विभागाचं चालतं का, बायोलॉजी ह्युमनच पाहिजे का. आमचा इंट्रो टू सोशल वर्क तुमच्या कुठल्या कोर्सच्या जागी बसतो. ट्रान्सफर विद्यार्थ्याला दोन वर्षांत संपवता येतं का, की साखळीमुळे तीन लागतात. स्प्रिंगला घेता का. फिल्ड संध्याकाळी किंवा शनिवारी मिळतं का.

फोनवर कुणी "हो हो, होऊन जाईल" म्हणालं तर आभार माना आणि त्याच दिवशी मेल करा की आपलं असं बोलणं झालं, बरोबर ना. उत्तर आलं की ते सिलॅबसच्याच फोल्डरमध्ये ठेवा.